सरकारी नावेतली बैठक

उकंडानं पहारीचं टोक छताच्या फळीखाली घातलं आणि अंगाचा भार दिला. फळी करकरली, पण निघाली नाही. खिळ्याची जागा बोटानं चाचपून त्यानं पहार पुन्हा घातली. या वेळी फळी एकदम सुटली, आणि काठाला बांधलेली नाव त्याच्यासकट एका अंगाला कलली.

"सरकारी हाय ते," काठावर बसलेली पंचफुला म्हणाली. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून ती पुढं वाकून बसली होती. दम घेऊन तिनं बाकीचं सांगितलं, "मोडलं तं... साहेबाले काय सांगसान?"

"मोडून नाई राह्यलो. उचलून राह्यलो."

"कायले?"

"तुह्या डोक्याले लागते म्हणून."

तिनं नुसती मान हलवली. बोलायलाही श्वास लागतो, आणि तो आता ती जपून खर्च करत असे.

ही नाव पैनगंगेची नव्हती. नदीचं पाणी मोजायला सरकारनं ती समुद्राकडून कुठून तरी आणली होती, आणि ट्रकवरून उतरवली तेव्हा अर्धं गाव बघायला गेलं होतं. बेताची लांब, मधे आखूड डोलकाठी, तिला एकच शीड, आणि मागच्या अंगाला फळ्यांची बुटकी खोली. साहेब लोक तिला केबिन म्हणत, गावातले लोक खुराडं. मोजणीची यंत्रं पावसात भिजू नयेत म्हणून ती केलेली होती. आत माणूस बसेल असं करणाऱ्याच्या मनात आलेलंच नसावं. रांगत आत जावं लागे, आणि मांडी घालून बसलं तरी डोकं छताला थडके. उकंडा या नावेचा राखणदार आणि नावाडी. पाणी मोजायला ओव्हरसियर वामनराव दर आठवड्याला पांढरकवड्याहून जीपनं येत. त्या दिवशी नाव नदीच्या मधोमध न्यायची, वारा सोयीचा असला तर शिडावर, नाहीतर बांबूनं. बाकीचे दिवस ती काठाशी उभी असे आणि उकंडा तिच्यावर नजर ठेवून बसे.

त्याआधी तो जंगलात ठेकेदाराकडं सागवान कापायला जाई. करवत धरायला तो तिथं शिकला. सुतारकी त्याला येत नव्हती.

पंचफुलाला पोळ्याच्या आधीपासून आडवं पडता येत नव्हतं. पडलं की छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं होई. मग ती धडपडत उठे आणि दाराकडं जाई, जणू घरातली हवा संपली होती. ती कणगीला पाठ लावून बसे. डोळा लागला की मान कलंडे, आणि मान कलंडली की जाग येई. पाय सुजले होते. बोटानं दाबलं की खड्डा पडे, आणि तो बराच वेळ भरून येत नसे.

यवतमाळच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं होतं. लहानपणी ताप येऊन सांधे धरले होते का, असं त्यांनी विचारलं. धरले होते. मग त्यांनी उकंडाला बाहेर बोलावलं आणि हृदयातल्या झडपेची गोष्ट सांगितली. दार उघडायला हवं तेवढं उघडत नाही, रक्त मागं तुंबतं, छातीत पाणी धरतं. असलं दार मोकळं करणारे डॉक्टर मुंबईकडं आहेत, पण हिला तिथवर न्यायची वेळ निघून गेली. एवढं सांगून ते थांबले.

"मंग मी काय करू, साहेब?" उकंडानं विचारलं.

डॉक्टरांनी त्याच्याकडं पाहिलं. काहीतरी द्यायला हवं होतं म्हणून दिल्यासारखं ते म्हणाले, "आडवं निजवू नका. पाठीला टेकण देऊन बसतं ठेवा. हवेशीर जागी."

उकंडानं सगळंच ऐकलं होतं. पण मोटार गावच्या फाट्यावर थांबेपर्यंत त्याच्याजवळ एवढंच उरलं होतं. टेकण द्यायचं. बसतं ठेवायचं. हवेशीर जागी.

घराला एकच दार होतं. चूल पेटली की धूर आढ्यापाशी घोटाळत राही आणि पंचफुला खोकून खोकून निळी पडे. एका दुपारी उकंडाची मोठी बहीण कांताबाई निंदणाला गेली होती, म्हणून पंचफुलाच भाकर घेऊन नदीवर आली. वाटेत थांबत थांबत आली, आणि नाव बांधली होती तिथल्या करंजाच्या बुंध्याला पाठ लावून बसली. नदीवरून वारा येत होता. उकंडा हात धुऊन येईपर्यंत तिचा डोळा लागला होता. मान कलंडली नव्हती. तोंड थोडं उघडं होतं आणि कपाळावरची शीर सैल झाली होती. तो भाकरीचं फडकं हातात धरून तसाच उभा राहिला. झोप मोडेल म्हणून त्यानं भाकरही खाल्ली नाही.

तेव्हापासून त्याच्या डोक्यात नाव होती. काठावर ऊन, पाऊस, गुरंढोरं, येणारे-जाणारे. नावेत वारा होता आणि वर छप्परही होतं. फक्त ते छप्पर उंच हवं होतं.

पहिल्यांदा त्यानं ते नुसतं वर उचललं. चार कोपऱ्यांवर सागाचे खुंट ठोकले, त्यावर छत बसवलं, मधली फट बांबूच्या तट्ट्यानं झाकली. आता पंचफुलाला आत ताठ बसता येत होतं आणि डोक्यावर हातभर जागा उरत होती. तो स्वतः आत बसून पाहत राहिला. एकदा हात वर करून त्यानं छताला लावला, आणि बाहेर येऊन तिला म्हणाला, "पाह्य, राजवाडा झाला."

गावात बोलणं झालंच. चावडीपाशी कुणी तरी म्हणालं, "देव नदीत सोडले, आता बायकोले बी नदीत बसवून राह्यला." बौद्ध झाल्यावर वस्तीतल्या सगळ्यांनी घरातले देव नाव बांधली होती त्याच डोहात सोडले होते, त्याला पाचेक वर्षं झाली होती. कांताबाईनं ते बोलणं घरी येऊन सांगितलं. उकंडा तेव्हा खिळे सरळ करत होता. त्यानं हातोडी थांबवली नाही.

मोजणीच्या दिवशी वामनराव आले आणि काठावरच उभे राहिले.

"हे काय केलंस?"

"छत थोडं उचललं, साहेब."

वामनरावांनी घड्याळाकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं, आणि नावेत चढले. ते चाळिशीतले, अंगानं बारीक, आवाज न चढवणारे गृहस्थ होते. शिडावर नाव मधल्या धारेला आली, आणि पलीकडच्या काठावरून वाऱ्याचा झोत सुटला. उंच झालेल्या खोलीनं तो भिंतीसारखा अंगावर घेतला. नाव अशी कलली की यंत्राची पेटी घसरत कडेला गेली आणि वामनरावांनी डोलकाठीला मिठी मारली. उकंडानं शिडाची दोरी सोडली. कापड फडफडलं, नाव हळूहळू सावरली. वामनरावांनी पेटी ओढून जवळ घेतली.

"कुणाला विचारून केलंस?" वामनरावांनी शेवटी विचारलं.

उकंडानं सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले तेही. सांगताना तो पाण्याकडं पाहत होता, आणि वामनराव यंत्राच्या पेटीवरचं पाणी रुमालानं पुसत होते. पेटी कोरडी झाल्यावरही ते पुसतच राहिले.

"छत कायमचं उंच ठेवू नकोस," ते म्हणाले. "वारा धरतं, नाव उलटेल. काठाला असताना उचलायचं आणि पाण्यात नेताना खाली घ्यायचं, असं काही कर. पेटीच्या झाकणासारखं."

"जी."

"आणि उकंडा, दिवाळीनंतर नाव इथं राहणार नाही. पुढच्या मोजणीला खाली संगमाकडं न्यायची आहे."

"दिवाळीपर्यंत हाय?"

"दिवाळीपर्यंत आहे."

उकंडानं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं, की कुणी त्याला सालभराची मुदत दिली आहे असं वाटावं. वामनरावांनी नजर वळवली आणि वही उघडली. पुढच्या खेपेला येताना त्यांनी कागदात गुंडाळून लोखंडी बिजागऱ्या आणल्या. उकंडाच्या हातात न देता त्या नावेच्या फळीवर ठेवल्या.

छताचं झाकण झालं. एका बाजूला बिजागऱ्या, दुसऱ्या बाजूला टेकवायला दोन दांडके, आणि कडेनं ताडपत्रीची झालर. पंचफुलाला कडेवर घेऊन तो काठावरून टाकलेल्या फळीवरून नावेत नेई. ती फार हलकी झाली होती. जड होते ते फक्त पाय.

आता राहिली बैठक. आधी त्यानं बाजेचा तुकडा कापून, अंबाडीच्या दोरीनं विणून आत बसवला. दोरी मधे खोल गेली. पंचफुला त्यात रुतली, छाती पोटावर दुमडली आणि श्वास अडला. मग त्यानं फळी टाकली. फळीवर माकडहाड दुखू लागलं, आणि थोड्या वेळानं ती पुढं घसरत येई. मग फळीला मागच्या बाजूला उतार दिला, म्हणजे घसरण थांबली. पाठीची फळी सरळ ठेवली तर मान पुढं पडे, फार कलती केली तर ते निजल्यासारखंच होई आणि छातीत घुरघुर सुरू होई. रोज तो खुंटी काढून फळी बोटभर इकडं, बोटभर तिकडं करी. सावरीचा कापूस आणून त्यानं मानेमागं लोड शिवला. सुई धरायची सवय नव्हती, टाके बैलाच्या झुलीसारखे पडले.

पायांचंही तसंच. लोंबते ठेवले की सूज चढे, वर घेतले की दम लागे. मधलं काही तरी हवं होतं. त्यानं खोलीतल्या पायाखालच्या दोन फळ्या काढल्या, पायांना खोल जागा केली आणि तिथं एक तिरका पाट बसवला.

हात ठेवायची गोष्ट त्याला फार उशिरा कळली. दम लागला की ती हात कशावर तरी रोवून खांदे वर उचलते, हे तो कधीपासून पाहत होता, पण त्याचा अर्थ एका दुपारी एकाएकी लागला. त्यानं दोन्ही बाजूंना हातभर लांब दांडे बसवले आणि त्यांना दोरी गुंडाळली. कोपरं टेकवून ती बसली, आणि खांद्यांचा भार उतरताच तिचा श्वास पहिल्यांदा पोटापर्यंत गेला. उकंडाला तो गेलेला दिसला.

"कसं वाटते?"

"बरं हाय."

ती रोज हेच म्हणे. खुंटी हलवली की तो विचारी, आणि ती डोळे मिटून क्षणभर थांबून, खरोखर तोलून पाहिल्यासारखं करून म्हणे, "बरं हाय." त्या दिवशी तो हसला. बाहेर येऊन त्यानं पटाशी, करवत, हातोडी एकेक करून धुतली आणि उन्हात मांडली. आता करायचं काही राहिलं नव्हतं.

नंतरचे दिवस तो तिच्यासमोर फळीवर बसून असे. वारा ताडपत्री हलवी. ती टेकून बसे आणि तो तिच्या गळ्याच्या खळगीकडं पाहत राही. श्वास घेताना ती खळगी आत ओढली जाई. कधी जास्त, कधी कमी. कमी ओढली गेली की त्याला वाटे, आजचा दिवस चांगला आहे. पण दिवस मावळायच्या आत ती पुन्हा तशीच खोल जाई. सूज गुडघ्यांच्या वर आली होती. डॉक्टरांच्या गोळ्यांनी आधी उतरायची, आता उतरत नव्हती. एकदा तो बैठकीच्या मागं जाऊन पाठीची खुंटी पुन्हा हलवायला लागला.

"राहू द्या," पंचफुला म्हणाली. "बरं हाय."

त्यानं खुंटी होती तशी ठेवली आणि परत समोर येऊन बसला.

कांताबाई दुपारी भाकर घेऊन येई. सोबत पंचफुलाची लहानगी नलू असे. नलू अजून शाळेत जात नव्हती. तिला नावेवर यायची बंदी होती, कारण फळी अरुंद होती आणि खाली डोह. ती करंजाखाली उभी राहून ओरडून आईला सांगे. बकरीला पिल्लू झालं. आत्यानं वेणी घट्ट घातली. पंचफुला ताडपत्रीच्या फटीतून पाहत असे, पण ओरडून उत्तर देण्याएवढा दम तिच्यात नसे. ती हात हलवी. पहिले काही दिवस नलू खूप बोलली. मग कमी बोलू लागली. आता ती आल्या आल्या काठावरच्या गाळात खेळायला बसे, आणि नावेकडं तिचं लक्षही नसे.

त्या दिवशी तिनं सीताफळ आणलं होतं. पिकून फुटलेलं सीताफळ दोन्ही हातांनी धरून ती फळीच्या टोकाशी आली.

"मायले देतो मी," ती म्हणाली.

"आण इकडं. मी देतो," उकंडा म्हणाला.

"नाई. मीच."

"पडशील."

नलूनं सीताफळ त्याच्या हातात दिलं नाही. ती करंजाखाली गेली, पाठ फिरवून बसली आणि एकटीच खाऊ लागली. कांताबाईनं हे पाहिलं. भाकरीचं गाठोडं उकंडाच्या हाती देताना ती हळूच म्हणाली, "तू तिले इचारलं काय रे कधी?"

"रोज इचारतो. कसं वाटते म्हणून."

"ते नाई. कसं बसाचं ते नाई म्हणत मी. कुठं बसाचं, ते इचारलं काय?"

उकंडाचं कपाळ आठ्यांनी भरलं. "घरी धूर हाय, बाई. डाक्तरनं सांगतलं, हवेशीर जागा पाह्यजे. तुले काय समजते त्यातलं?"

"मले नाई समजत," कांताबाई म्हणाली. "म्हणून तं तिले इचार म्हणतो."

ती नलूला घेऊन करंजाखाली थांबली. उकंडा रागानंच नावेत गेला. त्याच्या पायानं नाव हलली, आणि आत वाकताना त्याचं लक्ष पंचफुलाच्या हातांकडं गेलं. पदराखाली तिनं दोन्ही दांडे घट्ट धरले होते. बोटांची पेरं पांढरी पडली होती. नाव स्थिर झाली तशी बोटं सैल झाली. दांड्यांवरची दोरी नवी होती, पण जिथं बोटं येत तिथं ती घामानं काळी, गुळगुळीत झाली होती.

त्यानं गाठोडं खाली ठेवलं.

"तुले इथं बसाचं हाय ना?" त्यानं विचारलं.

पंचफुला त्याच्याकडं पाहत राहिली. एक लाट नावेच्या पोटाला लागली, आणि तिची बोटं पुन्हा दांड्यांवर आवळली.

"मले पाण्याचं भेव वाटते," ती म्हणाली.

"कवापासून?"

"पह्यल्या दिसापासून. आमच्या गावाले नदी नाई... विहीर हाय. खालून पाणी हललं का... पोटात हलल्यावानी होते. डोये मिटले का जास्तच."

"पण त्या दिवशी तू निजलती. मी पाह्यलं. चांगली निजलती."

"काठावर निजलती मी," ती म्हणाली. "झाडाले टेकून. नावेत नाई."

उकंडा खाली बसला. काठावर नलू सीताफळाच्या बिया थुंकत होती, त्याचा आवाज येत होता.

"मंग बोलली काहून नाई?"

पंचफुलानं बराच वेळ दम साठवला. मग थांबत थांबत सांगितलं. "घरी तुम्ही नुसते माह्याकडं पाहत बसत. भाकर खात नव्हते. कोणी बोललं तं आयकू येत नव्हतं तुम्हाले. मेल्यावानी बसत... मले वाटे, माह्या आधी हाच माणूस जाते का काय." ती थांबली. "इथं आलो, आन तुमचे हात चालू झाले. करवत घेतली का तुम्ही गुणगुणत होते, ठाऊक हाय? म्हटलं, चालू दे. जवरोक चालते तवरोक."

"मले बोलली असती तं..."

"काय केलं असतं? दुसरं काही नव्हतंच कराले." हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. ऊन आलं, वारा सुटला, असं सांगावं तसं सांगितलं. "आता काम झालं ना तुमचं. आता इथं बी तुम्ही पाहतच बसता. मंग मी कायले भेऊन राहू? मले घरी न्या. नलू तिकडं हाय."

उकंडानं बैठकीकडं पाहिलं. मानेमागचा लोड, बोटाबोटानं बसवलेली पाठ, पायाखालचा तिरका पाट, डोक्यावरची हातभर मोकळी जागा. त्यात कुठंही चूक नव्हती. त्यानं तिचे हात दांड्यांवरून एकेक करून सोडवले आणि तिला उचललं. फळीवरून जाताना तिनं डोळे मिटले आणि त्याच्या मानेला मिठी घातली, आणि तिचा सबंध देह थरथरत असलेला त्याला कळला. इतके दिवस तो तिला असाच नेत-आणत होता. ही थरथर अशक्तपणाची आहे, असं त्याला वाटलं होतं.

घरी येईपर्यंत ऊन कलंडलं होतं. कांताबाईनं चूल बाहेर, कुडाच्या पलीकडं मांडली. उकंडानं पंचफुलाला अंगणात, सारवलेल्या जागी बसवलं आणि टेकण शोधू लागला. कणगी आत होती. कुडाची भिंत टोचायची. बाज उभी करून पाहिली, ती घसरली. उखळ आणलं, ते फार बुटकं. पंचफुला हात जमिनीला रोवून पुढं वाकली होती आणि तिचा घुरघुर आवाज मोठा होत होता.

"बैठक उचकटून आणतो," तो म्हणाला. "आत्ता जातो, आत्ता येतो. पहार तिथंच हाय."

"नका जाऊ."

"मंग कायले टेकशील?"

"बसा," ती म्हणाली.

"कुठं?"

"इथं. मागं. पाठ करून."

तो तिच्या मागं बसला, तिच्याकडं पाठ करून. तिची पाठ त्याच्या पाठीला लागली. तिचे मणके त्याला मोजता आले असते. ती किंचित सरकली, मान मागं टाकली आणि डोकं त्याच्या खांद्यावर विसावलं. तो थोडा वाकला. ती म्हणाली, "तितकंच." मग तो हलला नाही.

समोर त्याला कुंपण दिसत होतं, पलीकडं कापसाच्या पराटीचं शेत, आणि वाटेनं घराकडं वळलेल्या बकऱ्या. तिचा चेहरा दिसत नव्हता. गळ्याची खळगीही दिसत नव्हती. तिचा श्वास मात्र त्याच्या बरगड्यांतून येत-जात होता. तो वरवरचा होता, घाईचा होता, आणि मधे मधे असा अडखळत होता की त्याचा स्वतःचा श्वासही थांबे. इतके दिवस समोर बसूनही तो तिच्या इतक्या जवळ गेला नव्हता. डॉक्टरांनी यवतमाळला त्याला बाहेर बोलावून जे सांगितलं होतं, ते सगळं आता त्याच्या पाठीला कळत होतं.

नलू आली आणि आईच्या मांडीशी बसली. तिचे हात चिकट होते. पंचफुलानं पदराचं टोक ओलं करून ते पुसले असावेत, कारण तिचा खांदा हळूहळू हलत होता.

"आयकता का," पंचफुला म्हणाली.

"हं."

"मागून तुम्ही दुसरी करसान..."

"फुला."

"आयका तं. करा. मी नाई म्हणत नाई." ती थांबली, तिनं श्वास गोळा केला. "पण नलूले कांताबाईच्या घरी नका देऊ. बाई चांगली हाय... पण तुमच्याजवळ ठेवा. शाळेत घाला. घालसान ना?"

असलं काही ती याआधीही बोलू पाहत होती. दर वेळी तो खुंटी हलवायला उठला होता, लोड नीट केला होता, तू बरी होशील म्हणाला होता. आताही ते शब्द तोंडाशी आले. पण ज्या चेहऱ्याला ते सांगायचे तो समोर नव्हता. समोर कुंपण होतं, पराटी होती, आणि वाटेवर एक मागं राहिलेली बकरी ओरडत होती.

पाठीमागं ती उत्तराची वाट पाहत होती. श्वास मधेच धरून थांबली होती.

"हो," उकंडा म्हणाला.

तिनं तो श्वास सोडला. आणि मग थोडा थोडा करत, आपला सगळा भार त्याच्या पाठीवर टाकला. उकंडानं दोन्ही तळहात जमिनीवर पक्के रोवले.